झटक्याचा ठाव

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात आटगाव मुक्कामी केलेले भाषण. वक्त्यांनी स्वतः लिहून दिल्याप्रमाणे.)



मंडळाच्या चिटणिसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. व्याख्यान देणे हा आमचा व्यवसाय नव्हे. १९८४ पासून २०२० पर्यंत छत्तीस वर्षे आम्ही ह्याच आटगाव स्थानकावर गाडी पकडली, मुंबईतील एका रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात पाळी भरली आणि परतीच्या कसारा लोकलमध्ये डुलक्या घेत घर गाठले. एवढाच आमचा जीवनवृत्तांत आहे. आम्ही डॉक्टर नाही. डॉक्टर ज्या अवयवाचे चित्र मागतील ते काढून देणारे तंत्रज्ञ आहो. आमच्या नोकरीच्या काळात विभागात प्रथम सी.टी. स्कॅन आले, मागाहून एम.आर.आय. आले, आणि ती दोन्ही यंत्रे चालविण्याचे काम आम्ही केले. "फिट येणाऱ्या माणसाच्या मेंदूचा फोटो काढून नेमके काय कळते, तेवढेच सांगा," असे चिटणीस म्हणाले, म्हणून उभे राहिलो आहो.

हा विषय त्यांनी का सुचविला हे आम्हांस ठाऊक आहे, आणि आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. हा आजार आपल्या ज्ञातीत नाही असे एकही गाव शहापूर-मुरबाड भागात आम्हांस दाखविता यावयाचे नाही. मात्र हा आजार आमच्या घरी आहे असे सांगणारे घर आम्हांस अद्याप भेटावयाचे आहे. आमचे स्वतःचे घरही त्यास अपवाद नव्हते, आणि ती कबुली दिल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

१९७३ च्या पावसाळ्यातील गोष्ट. आधीचे वर्ष दुष्काळाचे गेले होते, म्हणून त्या साली लावणीस सारे घर उत्साहाने लागले होते. आमचा चुलतभाऊ, वय १९, बांधाशेजारच्या ओहोळात पालथा सापडला. पाणी गुडघाभरदेखील नव्हते. पाय घसरला, डोके आपटले, असे सर्वांनी म्हटले आणि तेच कायम झाले. आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो. पोहता येणारा मुलगा गुडघाभर पाण्यात बुडत नाही, एवढे आम्हांस कळत होते. त्याला झटके येत हेही आम्हांस ठाऊक होते, कारण आम्ही त्याच्या शेजारी निजत असू. परंतु तो शब्द घरात उच्चारावयाचा नाही, अशी शिस्त होती. त्याच्या तेराव्यालाही तो उच्चारला गेला नाही.

ह्या व्याधीस आपण फेफरे म्हणतो, मिरगी म्हणतो, आता फिट म्हणतो. चरकसंहितेत तिला अपस्मार म्हटले आहे. स्मृती नाहीशी होणे असा त्याचा अर्थ. म्हणजे आपल्या प्राचीन वैद्यांनीही ती व्याधी म्हणूनच लिहून ठेविली होती. मेंदूतील कोट्यवधी पेशी एकमेकींशी सूक्ष्म विजेच्या भाषेत बोलत असतात. काही कारणाने त्यांपैकी एक समूह एकदम, एका सुरात आणि थांबता न येता ओरडू लागला, म्हणजे झटका येतो. तो समूह हाताच्या हालचालीच्या केंद्राजवळ असेल तर हात उडतो. दृष्टीच्या केंद्राजवळ असेल तर नसलेले दिवे दिसतात. आणि ती ओरड साऱ्या मेंदूभर पसरली म्हणजे माणूस कोसळतो. काहींच्या बाबतीत मात्र झटका आरंभापासूनच दोन्ही बाजूंस एकदम उठतो. त्यास एक असे ठिकाण नसते. आज आम्ही बोलणार आहो ते ज्यांच्या झटक्यास ठिकाण आहे अशा रुग्णांविषयी.

हे ठिकाण शोधण्याची विद्या यंत्रांच्या पुष्कळ आधीची आहे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात ह्यूलिंग्ज जॅक्सन नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांच्यापाशी मेंदूच्या आत पाहण्याचे काहीही साधन नव्हते. ते रुग्णाकडे आणि त्याच्या नातेवाइकांकडे एकच गोष्ट खोदखोदून विचारीत: आरंभ कोठून झाला? अंगठ्यापासून आरंभ होऊन मग हात, मग चेहरा, असा झटका चढत जात असेल, तर मेंदूच्या विरुद्ध बाजूस अमुक पट्ट्यात दोष असला पाहिजे, असे त्यांनी केवळ निरीक्षणावरून ठरविले. ह्या तर्कावर भिस्त ठेवून व्हिक्टर हॉर्स्ले ह्या शल्यविशारदाने १८८६ साली लंडनमध्ये एका २२ वर्षांच्या तरुणाची कवटी उघडली. लहानपणी गाडीच्या अपघातात त्याच्या डोक्यास जखम झाली होती. क्ष-किरणांचा शोधसुद्धा तेव्हा लागला नव्हता. तो १८९५ चा. तथापि तर्काने सांगितले होते तेथेच व्रण सापडला आणि तो काढता आला. जॅक्सन त्या वेळी तेथे हजर होते.

ही हकीकत आम्ही कौतुकासाठी सांगितली नाही. आमच्या साऱ्या कथनाचे सूत्र तीत आहे. झटक्याचा ठाव घेणारे पहिले साधन म्हणजे पाहणाऱ्याचे डोळे. पुढे आलेल्या प्रत्येक यंत्राने त्या डोळ्यांस मदत केली, त्यांची जागा घेतली नाही.

हान्स बर्गर ह्या जर्मन डॉक्टराने १९२४ साली डोक्याच्या त्वचेवर तारा लावून मेंदूतील विजेचा पहिला मानवी आलेख काढला व १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यालाच आपण ई.ई.जी. म्हणतो. तो आजही लागतो, स्वस्त आहे, आणि तो काढताना काही दुखत नाही. परंतु त्याची मर्यादा आपल्या भागातील माणसास चटकन कळेल. शेजारच्या तानसा धरणातून १८९२ पासून मुंबईस पाणी जाते. त्या मोठ्या नळाला जमिनीखाली कोठे चीर पडली, तर पाणी वर दिसते ते चीर असेल तेथेच असे नाही. उताराने वाहत जाऊन ते भलत्याच शेतात उपळते. डोक्यावरच्या तारांना जी वीज कळते ती अशी वर उपळलेली असते. खोलवर नेमके कोठे काय बिघडले आहे हे पाहावयाचे तर मेंदूचे चित्रच हवे.

ते चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी प्रथम मिळाले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे डॉक्टर नव्हते, अभियंते होते, आणि ज्या ई.एम.आय. कंपनीत ते नोकरीस होते ती आपल्यास ग्रामोफोनच्या तबकड्यांमुळे परिचित आहे. त्यांनी डोक्याभोवती क्ष-किरणांची फेरी घडवून गणकयंत्राच्या साहाय्याने मेंदूचे काप पडद्यावर मांडले. १९७९ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर चुंबकाचे यंत्र, म्हणजे एम.आर.आय. आले, त्याच्या संशोधकांना तो मान २००३ साली लाभला. सी.टी.मध्ये हाड, रक्तस्राव आणि चुन्याचे डाग उत्तम दिसतात. मेंदूच्या मऊ मांसातील बारीक भेद दाखवावे ते एम.आर.आय.नेच, आणि तेही क्ष-किरणांवाचून.

आमच्या खात्यातील एक अनुभव येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. एम.आर.आय.च्या खोलीत लोखंड नेता येत नाही; चुंबक ते हिसकावून घेतो. म्हणून आत जाण्यापूर्वी अंगावरील सर्व धातू उतरवून ठेवावे लागतात. झटक्यांचा रुग्ण आला की त्याच्या दंडाला, गळ्याला, कमरेला बांधलेले ताईत आम्ही मोजीत असू. एका लहान मुलाच्या अंगावर सात निघाले. त्याची आई ते उतरवू देईना. उतरविले आणि मुलाला काही झाले तर, ही तिची भीती. आम्ही तिला हसलो नाही. ते सातही ताईत आमच्या रुमालात बांधून तिच्याच हाती दिले, आणि चाचणी संपेपर्यंत ती पुरचुंडी छातीशी धरून बाहेर उभी राहिली. सात ठिकाणी पायपीट करून आलेली ती बाई आठव्या ठिकाणी आमच्याकडे आली होती. ती दोषी नव्हती. हे आठवे ठिकाण पहिले असावयास हवे होते, इतकेच.

आता मुख्य गोष्टीकडे वळतो. चित्र काढले म्हणजे उगम सापडला, असा एक समज सुशिक्षितांतही आहे. तो खरा नाही, हे आपल्याच देशातील एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १९८० नंतर हिंदुस्थानात सी.टी. स्कॅन जसजसे होऊ लागले, तसतसे डॉक्टरांना एक विलक्षण दृश्य दिसू लागले. झटके येऊ लागलेल्या पुष्कळ तरुणांच्या व मुलांच्या मेंदूत एकच लहानसा, अंगठीसारखा कडेने उजळणारा ठिपका दिसे. ठिकाण तर सापडले. परंतु तो ठिपका कशाचा? आपल्याकडे क्षय सर्वत्र, म्हणून ती क्षयाचीच गाठ असावी असे धरून पुष्कळांना दीर्घकाळ क्षयाची औषधे देण्यात आली. पुन्हा स्कॅन काढावा तर ठिपका नाहीसा झालेला! क्षयावरील औषधांचा गुण आला, असे वाटे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात वेदांतम् राजशेखर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असे ठिपके प्रत्यक्ष काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा त्यांत क्षय नव्हता. डुकराच्या मांसातून माणसाच्या आतड्यात जाणाऱ्या फीतकृमीची ती मरू घातलेली पिल्ले होती. हे ठिपके बहुधा २० मिलिमीटरांहून लहान असतात व पुष्कळदा आपोआप विरतात, हे त्यांनी १९९० नंतर दाखवून दिले आणि उपचारांची दिशाच बदलली.

येथे कोणी म्हणेल, आमच्या घरात डुकराचे मांस तर सोडाच, अंडेही शिजत नाही. त्याने निश्चिंत होऊ नये. मांस खाणाऱ्याच्या आतड्यात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी शौचावाटे मातीत व पाण्यात जातात, आणि न धुतलेल्या कोथिंबिरीबरोबर, मुळ्याच्या पाल्याबरोबर, अस्वच्छ हातावाटे ती कोणाच्याही पोटात जातात. मेंदूत घर करणारी पिल्ले ह्या अंड्यांतून येतात. म्हणजे माळकऱ्याच्या मेंदूतही ती सापडतात. शौचकूप बांधणे आणि भाजी धुणे ह्या गोष्टींचा फेफऱ्याशी संबंध आहे, हे आमच्या वडिलांच्या पिढीस कोणी सांगितले असते तर त्यांनी विश्वास ठेविला नसता.

बहुतेक रुग्णांच्या बाबतीत एवढ्या खोलात जाण्याचा प्रसंगच येत नाही, हेही सांगितले पाहिजे. शंभरांतील सुमारे सत्तर रुग्णांचे झटके योग्य गोळी, योग्य मात्रेत, न चुकता घेतल्याने थांबू शकतात. गोळी एकाएकी बंद करणे हे मात्र घातक. निवडक दोन औषधे नीट देऊनही झटके थांबत नाहीत, तेव्हा डॉक्टर उगमस्थान शोधून ते शस्त्रक्रियेने काढता येईल काय, ह्याचा विचार करतात. आपल्या देशात अशी पहिली शस्त्रक्रिया वेल्लोरलाच १९५२ साली डॉ. जेकब चांडी यांनी केली. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे पेनफील्ड ह्या विख्यात शल्यविशारदाच्या हाताखाली ते शिकून आले होते. १९९५ पासून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. राधाकृष्णन यांनी ह्या कामाची पद्धतशीर उभारणी केली, आणि चांगला एम.आर.आय. व झटक्याच्या वेळचा चित्रमुद्रित ई.ई.जी. एवढ्या दोन साधनांवर पुष्कळ रुग्णांची निवड बिनधोक करता येते, प्रत्येक वेळी परदेशातल्यासारखा अवाढव्य खर्च लागत नाही, हे सिद्ध केले. ही दोन साधने एकमेकांशी जुळली नाहीत तर पुढची दारे ठोठवावी लागतात. किरणोत्सारी साखर टोचून मेंदूचा कोणता भाग ती कमी खातो हे पाहणारी पेट तपासणी त्यांपैकीच. ह्या पदार्थाची निर्मिती करणारे देशातील पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये आपल्या परळलाच सुरू झाले.

आता आमच्या घरची दुसरी गोष्ट. आमच्या पुतणीच्या अनुमतीने ती सांगत आहो.

२०११ साली ती आठवीत होती. बोलता बोलता मध्येच थांबावयाची, डोळे एके ठिकाणी लागावयाचे, ओठ चघळल्यासारखे हलवावयाची, आणि मिनिटा-दोन मिनिटांनी भानावर येऊन काय झाले म्हणून विचारावयाची. पडत नव्हती, तोंडाला फेस नव्हता. कोणी म्हणाले, अभ्यासाचा कंटाळा. कोणी म्हणाले, अंगात येते. आम्ही रुग्णालयातील माणूस. काय आहे ते आम्ही पहिल्याच दिवशी ओळखले होते. परंतु तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक त्याच वेळी जुळत होती. वर्षभर गप्प बसलो. २०१२ मध्ये ओळखीने एका खाजगी केंद्रात तिचा एम.आर.आय. काढून घेतला आणि डॉक्टरांना कारण सांगताना 'वारंवार चक्कर व डोकेदुखी' एवढेच सांगितले. कागदावर ते तसेच लिहिले गेले. अहवाल आला: मेंदू निर्दोष. साऱ्या घराने सुटकेचा निःश्वास टाकला. ती खोटी नोंद आम्ही करविली होती, दुसऱ्या कोणी नव्हे. आणि तिच्यापायी त्या मुलीची चार वर्षे गेली.

असे का झाले, हे आमच्या धंद्याच्या भाषेत सांगतो. दुधीभोपळ्याच्या जाड फोडी केल्या तर दोन फोडींच्या मधली बी डोळ्यांस दिसत नाही. चक्कर येणाऱ्याच्या मेंदूचे काप आम्ही तसेच जाड घेतो, कारण तेथे मोठी गाठ वगैरे नाही ना, एवढेच पाहावयाचे असते. झटक्यांच्या रुग्णासाठी काप बारीक घ्यावे लागतात. त्यातही कानाच्या आतल्या अंगास, मेंदूच्या तळाशी, हिप्पोकॅम्पस नावाचा एक लांबट वळकटीसारखा भाग दोन्ही बाजूंस असतो. स्मरणाचे काम तो करतो, आणि औषधांना न जुमानणाऱ्या झटक्यांचे मूळ पुष्कळदा तेथे असते. हा भाग आडवा, जरा तिरका पहुडलेला आहे. त्याच्या लांबीला काटकोन साधून काप घेतले, तरच डावा व उजवा शेजारी ठेवून ताडता येतात, आणि एक बाजू आक्रसलेली, नको तितकी उजळ आहे की काय हे कळते. हे सर्व करावयाचे तर तंत्रज्ञाच्या हाती येणाऱ्या कागदावर 'झटके' हा शब्द असावा लागतो. आम्ही जन्मभर तोच कागद वाचून यंत्र चालविले, आणि आमच्याच मुलीच्या कागदावरून तो शब्द गाळला.

२०१६ साली ती चुलीशेजारी असताना झटका आला आणि हात भाजला. तेव्हा लाज संपली. मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या मज्जातंतुविकार विभागात तिला नेले. तेथील डॉक्टरांनी यंत्राचे नावही काढले नाही. अर्धा तास त्यांनी फक्त विचारले. झटक्याआधी तिला काय जाणवते? ती म्हणाली, पोटातून काहीतरी वर चढत येते. लहानपणी तापात आकडी आली होती काय? आली होती, दोन वर्षांची असताना, आणि ती बराच वेळ थांबली नव्हती. झटक्यात कोणता हात काय करतो? येथे आमचे बंधू व वहिनी एकमेकांकडे पाहू लागले. पाच वर्षे ज्याच्याकडे पाहावयाचे नाही असे ठरविले होते, ते सांगणार कसे?

तेव्हा आमच्या मातोश्री बोलल्या. त्यांना अक्षरओळख नव्हती. वय ऐंशीच्या घरात. त्या म्हणाल्या, "डावा हात ताठतो. उजव्यानं ती ओढणी चुरगाळत बसते." डॉक्टरांनी विचारले, आजी, तुम्हांला खात्री आहे? त्या म्हणाल्या, "खात्री नसायला काय झालं? कासाराकडं दर खेपेला डाव्या हाताच्याच बांगड्या भरून आणते मी. उजव्यातली एक कधी वाढली नाही."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेविली आणि मातोश्रींना नमस्कार केला. मग आमच्याकडे वळून म्हणाले, उजव्या बाजूचा हिप्पोकॅम्पस बघू या. डावा हात ताठतो म्हणजे दोष उजव्या मेंदूत असण्याचा संभव, आणि उजव्या हाताचा तो चाळाही त्याच बाजूची साक्ष देतो. जॅक्सनसाहेबांनी रुग्णांच्या घरच्या माणसांकडून जे काढून घेतले, ते आमच्या मातोश्रींनी बांगड्यांवरून सांगितले होते.

दुसरा एम.आर.आय. बारीक व योग्य कोनातील कापांचा झाला. उजवा हिप्पोकॅम्पस डाव्यापेक्षा स्पष्ट लहान व उजळ दिसला. आम्ही २०१२ ची चित्रे पुन्हा काढून पाहिली. माहीत असणाऱ्याच्या डोळ्यांस त्यांतही काहीशी शंका येण्याजोगी आहे. माहीत नसणाऱ्यास ती येणार नाही.

तरीही केवळ चित्रावर कोणी शस्त्र उचलीत नाही. डाग असतो एकीकडे आणि झटका उठतो दुसरीकडे, असेही घडते. म्हणून तिला रुग्णालयात ठेवून, देखरेखीखाली गोळ्या कमी करून, रात्रंदिवस ई.ई.जी. व चलच्चित्र एकत्र घेतले. तिसऱ्या रात्री झटका आला. विजेचा पहिला उठाव उजव्या बाजूस. हालचाल मातोश्रींनी सांगितली तशीच. स्मरणशक्तीच्या व भाषेच्या चाचण्याही झाल्या, कारण काढावयाच्या भागावर तिची बोली आणि आठवणी किती विसंबून आहेत हे आधी पाहावे लागते. सर्व साक्षी एका जागी जुळल्या तेव्हा २०१७ साली शस्त्रक्रिया झाली.

धोका नव्हता असे आम्ही म्हणणार नाही. डॉक्टरांनी तो लपविला नाही. नजरेचा डावीकडील वरचा कोपरा थोडा जाऊ शकतो असे त्यांनी सांगितले होते, आणि तो थोडा गेला आहे. गुण सर्वांनाच येतो असेही नाही. कॅनडात ८० रुग्णांची दोन गटांत विभागणी करून केलेली एक चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत वर्षाअखेर शस्त्रक्रियेसाठी निवडलेल्यांपैकी ५८ टक्के भान हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते. केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी ८ टक्के. म्हणजे ५८, शंभर नव्हे. आमच्या पुतणीला त्यानंतर झटका आलेला नाही. तीन गोळ्यांची एक झाली आहे. ती एक डॉक्टर सांगतील तोवर चालू राहील.

घरात कोणास झटका आला तर काय करावे, हे थोडक्यात सांगतो. त्यास कुशीवर वळवावे, जवळची चूल, विळी, दगड दूर करावे. तोंडात चमचा घालू नये, हात-पाय दाबून धरू नयेत. कांदा व चप्पल हुंगविण्यात अर्थ नाही. झटका एरवीही दोन-तीन मिनिटांत थांबावयाचाच असतो. पाच मिनिटांवर गेला, अथवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. आणि एकाने, निदान एकाने, पाहत राहावे. मान कोणीकडे वळली? कोणता हात आधी उडाला? भानावर येताच बोलता आले की शब्द सापडत नव्हते? हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो. लग्नाच्या वरातीचे चित्रण करतो तसे झटक्याचेही करावे आणि ते डॉक्टरांस दाखवावे. गावात फिरवू नये. के.ई.एम., जे.जे., शीव, नायर, कोठेही जा. कागदावर 'चक्कर' लिहवू नका.

आता शेवटचा विषय, जो खरे तर पहिला आहे: सोयरीक. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ साली दुरुस्ती होऊन वेडाच्या झटक्यांबरोबर अपस्माराचे झटकेही विवाहास बाधक ठरविण्यात आले होते. डॉक्टरांनी व रुग्णांच्या संस्थांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ पाठपुरावा केला, आणि १९९९ च्या दुरुस्तीने 'अपस्मार' हा शब्द त्या कलमातून काढून टाकण्यात आला. कायद्याने तो शब्द काढून बराच काळ लोटला, तरी आपल्या ओट्यांवरील बैठकीत तो तसाच बसून आहे. उलट, लपवून केलेल्या विवाहात पुढे फसवणुकीचा वाद उभा राहतो, तो निराळाच. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतः ह्या व्याधीतून गेल्यानंतर 'संवेदना' हा गट उभा केला. अशा रुग्णांचे विवाह उघड सांगून जमविण्याचे कामही तेथे झाले आहे. ते जर पुण्यास होऊ शकते, तर येथे का होऊ नये, हे मंडळाच्या कार्यकारिणीने आम्हांस समजावून सांगावे.

आपल्या वधूवर सूचीच्या अर्जात 'आरोग्य' असे एक सदर आहे. गेल्या महिन्यात आम्ही मंडळाच्या कचेरीत बसून जुने अर्ज चाळले. सर्वांनी तेथे 'उत्तम' लिहिले आहे. आमच्या थोरल्या पुतणीच्या अर्जावरही तेच आहे, आमच्याच हस्ताक्षरात. तिचे स्वतःचे आरोग्य उत्तमच होते, तरी ते लिहिताना आमच्या मनात कोण होते ते आम्ही जाणतो. धाकटीने आपला अर्ज यंदा स्वतः भरला. त्या सदरात तिने लिहिले: 'अपस्मार होता. उजव्या बाजूस शस्त्रक्रिया, २०१७. तेव्हापासून झटका नाही. एक गोळी चालू आहे.' अर्ज घेणाऱ्या सद्गृहस्थांनी तो वाचला, चष्मा काढला, आणि तिच्याकडे न पाहता आम्हांस हळूच विचारले, ही ओळ छापावयाची की गाळावयाची?

आम्ही तोंड उघडण्यापूर्वीच ती म्हणाली, "काका, छापा. आणि 'उजव्या' नीट लिहा, 'डाव्या' पडायला नको."

सूची ह्याच स्मरणिकेच्या शेवटच्या पानांत आहे.